काल गेले होते

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी मुलाखत देऊन स्वतःच्या घरी न जाता थेट माझ्याकडे आली. रडून डोळे लाल. "काकू, त्यांनी विचारलं, काल फोन का नाही उचललात? मी म्हटलं, आय हॅड गॉन टु सुरत यस्टरडे. तर साहेब म्हणाले, मग पुढे काय झालं? मला कळेचना काय सांगू. दोघं हसले हो."

त्या हसण्याचा मला राग आला, अजून आहे. पोरीची चूक तिच्या चांगल्या मराठीतून आली होती. "भाऊ काल सुरतला गेला" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, तो अजून तिकडेच आहे. "गेला होता" म्हटलं की कळतं, जाऊन आला. हे "होता" आपल्याकडे परत आल्याची खूण आहे. इंग्रजीतल्या "हॅड"चं काम वेगळं. मागच्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली, ते तो सांगतो. मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटली होती, इथे हॅड हवाच. एकच गोष्ट सांगायची असेल तर "आय वेंट टु सुरत यस्टरडे" एवढंच. हॅड ऐकला की इंग्रजी कान दुसऱ्या गोष्टीची वाट बघतो, म्हणून तो प्रश्न आला. पण हे तिला शांतपणे सांगता आलं असतं.

बायोडेटातही तेच. "मी २०२२ साली बी.कॉम. केलं आहे" हे मराठी अगदी शुद्ध. इंग्रजीत मात्र सरलेलं साल आलं की "हॅव" जातो: आय पास्ड इन २०२२. मी मुलांना आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाचं उदाहरण देते. ते १९४९ साली स्थापन झालं, तिथे "वॉज फाउंडेड". १९४९ पासून आहे म्हणायचं, तर "सिन्स" तो काळ आजपर्यंत ओढून आणतो, म्हणून "हॅज बीन". आणि "दोन वर्षांपूर्वी"चं "बिफोर टू इयर्स" करू नका, आजपासून मागे मोजायचं तर "टू इयर्स अगो".

बडोद्याची आपली मुलं घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकत वाढतात. गुजरातीतलं "काले" आणि हिंदीतलं "कल" मागेही जातं, पुढेही. आपलं "काल" फक्त मागचं, पण "परवा" बघा: परवा आले, परवा येईन. दिशा क्रियापदच दाखवतं. इतकं बारीक काळाचं भान ज्या मुलांना बोलता बोलता आलंय, त्यांच्यापुढे गो-वेंट-गॉन अशा क्रियापदाच्या तीन रूपांचे, म्हणजे व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीचे तक्ते टाकून पाठ करा म्हणणं मला अन्याय वाटतो. इंग्रजी शिकवताना मराठी वाक्य शेजारी मांडावं, दोन्हीतला फरक दाखवावा. मराठी तोंडातून काढलीस तरच इंग्रजी येईल, असं शिक्षकांनी कुठल्याही मुलाला सांगू नये.

चहा झाल्यावर तिला वही दिली. म्हटलं, काल काय झालं ते लिही. तिने लिहिलं, आजी आजारी होती म्हणून मी सुरतला गेले. "वेंट" बरोबर लिहिलं. मग पेन थांबलं. "काकू, मी रात्री नऊला पोचले, तेव्हा आजी झोपून गेली होती. इथे हॅड येईल ना?"

येईल, म्हटलं.

"आजी हॅड फॉलन अस्लीप," तिने लिहिलं, आणि हॅडखाली रेघ ओढली.