बरं चाललेलं बघवत नाही

दहाला मीटिंग. साडेनऊला मला अवदसा आठवली आणि मी ईमॅक्सची, म्हणजे कोड लिहायच्या माझ्या जुन्या एडिटरची, सगळी पॅकेजेस अपडेट केली. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही.

परत उघडलं तर पांढराफटक पडदा. थीम गायब, फॉन्ट गायब, पंधरा वर्षं बोटांत मुरलेले निम्मे शॉर्टकट मुके. खाली एक ओळ: 'सिम्बॉल्स फंक्शन डेफिनिशन इज व्हॉइड'. व्हॉइड म्हणे! काल रात्रीपर्यंत होतं ना ते फंक्शन, गावाला गेलं का? आणि ही इनिट फाइल, म्हणजे सुरू होताना वाचायची माझ्या सेटिंग्जची फाइल, एका ओळीवर अडली की पुढचं काही वाचतच नाही, मानपान चुकलेल्या व्याह्यासारखी तिथेच फुगून बसते.

मग नेहमीची हमाली. अर्धी फाइल कॉमेंट करा (म्हणजे 'हे वाचू नकोस' अशी खूण करा), चालू करा, बंद करा, उरलेल्यातली अर्धी कॉमेंट करा. 2300 ओळी. अकराव्या फेरीला चोर सापडला. त्याच्या डोक्यावर माझ्याच हातची टीप: 'कशाला लागतं माहीत नाही. काढू नये. 2014.'

तोवर शेजारचा पोरगा, वय 23, एडिटर व्हीएस कोड, सेटिंग्ज आल्या तशाच: "दादा, असू दे, मी केलं ते." ते म्हणजे एक स्वल्पविराम. असू दे म्हणे!

सारखं कंट्रोल दाबून दुखणाऱ्या करंगळीचं तर बोलूच नका. ती वाचवायला कॅप्स लॉकचं कंट्रोल केलं, तर आता बायकोच्या लॅपटॉपवर मी सगळ्यांना कॅपिटलमध्ये ओरडतो. ब्राउझरमध्ये ईमॅक्सच्या सवयीने मजकूर कापायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की अख्खा टॅबच कापला जातो. अर्धा तास भरलेला फॉर्म असा दोनदा गेलाय. ईमॅक्समध्ये यँक म्हणजे पेस्ट, व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये यँक म्हणजे कॉपी. सर्व्हरवर बसलो की मी दोन्हीकडचा मूर्ख.

दुपारी ईमॅक्समध्ये 'एम-एक्स डॉक्टर' ही कमांड देऊन डॉक्टर उघडला. हो, एडिटरमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहे. ज्याने बसवला त्याला गिऱ्हाईक नीट माहीत असणार. दहा मिनिटं त्याच्याकडे रडलो. तो माझीच वाक्यं उलटी करून मलाच विचारत राहिला. मीटिंगपेक्षा बरं गेलं, खोटं कशाला बोलू.

आणि 2014 ची ती ओळ? उडवली नाही. पुढे दोन अर्धविराम मारून, म्हणजे कॉमेंट करून, ठेवलीये. लागली तर.