गजर लावून झोपणाऱ्या कर्नलची डागडुजी

लॅपटॉप बूट होता होता मध्येच थिजतो आणि स्पेसबार बडवला की चार पावलं पुढे सरकतो, असा बग तुमच्या गळ्यात पडला असेल तर आधी अभिनंदन. उपाय हातातच आहे: स्पेसबार. कळ दाबली की कीबोर्डचा इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे बघ’ असा इशारा, जातो, प्रोसेसर दचकून उठतो, तुंबलेलं थोडं काम उरकतो नि पुन्हा आडवा होतो. लॉगिनचा पडदा दिसेपर्यंत बडवत राहा. कारण शोधण्याच्या फंदात पडू नका.

तरीही खाज असेलच तर थोडा इतिहास. एकेकाळी लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काम असो वा नसो, सेकंदाला १०० वेळा, २.६ या आवृत्तीत तर १००० वेळा टिक, म्हणजे प्रोसेसरला उठवणारा ठोका, व्हायचा. बॅटरी जायची, पण एखादा टाइमर हुकला तरी पुढच्या मिलिसेकंदाला दारावर थाप पडायचीच, त्यामुळे सगळ्यांचेच बग झाकून राहायचे. सुखाचे दिवस होते. मग २००७ साली २.६.२१ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचं टिकलेस आलं: काम नसेल तर टिक बंद, पुढचा टाइमर कधीचा ते बघून हार्डवेअरला तेवढाच गजर लावायचा आणि झोपायचं. कल्पनेत खोट नाही. फक्त त्या काळच्या बऱ्याच प्रोसेसरांत हा गजर, म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच लोकल एपिक टाइमर, सी३ या गाढ झोपेत स्वतःच बंद पडायचा. उठवणाराच घोरत पडला! मग ते काम प्रोसेसरबाहेरच्या एचपीईटी नावाच्या टाइमरकडे द्यायचं. तो मशीनमध्ये आहे का आणि कुठे आहे, हे सांगणार बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. बायोसच्या शब्दावर तुमचा विश्वास असेल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

तपास करायचाच तर प्रिंटकेने, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणाऱ्या फंक्शनने, करा. संशयित जागी एक ओळ टाका. सिरियल कन्सोलवर, म्हणजे केबलने जोडलेल्या संथ पडद्यावर, अक्षरं जाईपर्यंत प्रोसेसर जागा राहतो आणि बग गायब. ओळ काढली की बग हजर. तेव्हा ओळ काढू नका, तिच्या डोक्यावर ‘काढू नये’ अशी कॉमेंट टाका आणि पॅच पाठवून द्या. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे, आत शिरून पाहिलंत तर आणखी उत्तम: तुमचीच पॅकेटं मशीनला डुलकी घेऊ देत नाहीत, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे तुम्ही शपथेवर सांगू शकता.

पॉवरटॉप हा प्रोग्राम मात्र चुकूनही चालवू नका. प्रोसेसरला वारंवार कोण उठवतं त्याची यादी ते दाखवतं, आणि यादीच्या माथ्यावर तुमचंच नाव असण्याचा धोका फार.

ड्रायव्हर लिहीत असाल तर त्याची चाचणी चार मिनिटांत आटपा. कर्नलवाले खवट लोक आहेत. झालेले टिक मोजणारा ३२ बिटी जिफीज काउंटर सेकंदाला हजार टिक धरले तर सुमारे ४९.७ दिवसांनी उलटून शून्यावर येतो. एवढा वेळ कोण थांबणार, म्हणून त्यांनी तो मुद्दाम उणे ३०० सेकंदांवरून सुरू केला. म्हणजे चुकीची तुलना करणारा कोड बूटनंतर पाचव्या मिनिटालाच उघडा पडतो. काउंटर उलटला तरी दोन वेळांची बरोबर तुलना करणारा टाइम_आफ्टर हा मॅक्रो त्यासाठीच आहे, पण साधं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह टाइप करायला सोपं पडतं.

आणि वेळच बिघडली तर? ३० जून २०१२ ला लीप सेकंद, म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जादा सेकंद, आला. आपल्याकडे १ जुलैची, रविवारची पहाट, साडेपाच वाजलेले. कर्नलच्या हाय-रेझोल्यूशन, म्हणजे बारीक मुदती मोजणाऱ्या, टाइमरांना घड्याळ एक सेकंद मागे आल्याचं कुणी कळवलंच नाही. ते एक सेकंद पुढेच राहिले, सेकंदाहून कमी मुदतीचे टाइमआउट लावल्या क्षणी संपू लागले आणि जगभरचे सर्व्हर शंभर टक्के सीपीयू खात गरगरू लागले. उपाय काय होता, तर घड्याळात जी वेळ आहे तीच डेट कमांडने पुन्हा लावायची. खरंच! असे उपाय असताना सोर्स वाचणाऱ्यांची मला कीव येते.

एवढ्यावरही मशीन ऐकत नसेल तर बूट ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, ‘आयडल इज इक्वल टू पोल’ (idle=poll) टाका. रिकामा प्रोसेसर मग झोपतच नाही, जागच्या जागी लूप मारत बसतो. टाइमरचा बग ‘सुटला’ म्हणून बंद करा. पंखा भणभणतो, बॅटरी लवकर उतरते, अशा तक्रारी येतील. त्या हार्डवेअरवाल्यांच्या नावावर टाका.