रूळ कंपन्यांचे, मग राज्य कशाला आराखडा करतंय?

“अमेरिकेत राज्याचा रेल्वे आराखडा म्हणजे निव्वळ फार्स. रूळ मालगाडी कंपन्यांचे, गाड्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकच्या, लोकांच्या सूचना कचऱ्यात. शिवाय प्रवासी गाड्या वाढल्या की मालवाहतूक गुदमरते.” या अर्थाचा मजकूर बराच फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

रूळ बहुतेक ठिकाणी कंपन्यांचे, हे बरोबर. पण गाडीचा खर्च कोण भरतं? 2008 च्या केंद्रीय कायद्याने 750 मैलांपर्यंतच्या गाड्यांचा बोजा राज्यांवर टाकला. बोस्टन-वॉशिंग्टन मुख्य मार्ग तेवढा वगळला. पैसे राज्य मोजणार, तर फेऱ्या किती आणि थांबे कुठे, यात त्याचा शब्द चालणारच. रूळही सगळे खासगी नाहीत. नॉर्थ कॅरोलायनात शार्लटपासून मोरहेड सिटीपर्यंतचा 317 मैलांचा मार्ग राज्याच्या मालकीच्या कंपनीचा आहे. व्हर्जिनियाने तर 2021 मध्ये सीएसएक्स या मालगाडी कंपनीकडून रूळ आणि जागा विकत घेण्याच्या करारावर सही केली.

मालवाहतुकीचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण तिथे उलटंही घडतं. कायद्याने 1973 पासून अ‍ॅमट्रॅकला मालगाडीच्या आधी वाट मिळायला हवी. पण एकेरी मार्गावर मालगाडी लूप लाइनपेक्षा (गाडी बाजूला थांबवायच्या रुळापेक्षा) लांब असेल, तर ती बाजूला घेणार कशी? मग छोटी प्रवासी गाडीच लूपमध्ये जाऊन उभी राहते, कायदा काहीही म्हणो. दोघांच्या दुखण्यावर औषध एकच: लूप लांबवा, दुहेरीकरण करा. म्हणून तर दोन्हींचा आराखडा एकत्र करायचा. वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवरच्या लाँग ब्रिजवर दोनच रूळ आहेत; मालगाड्या, उपनगरी गाड्या, अ‍ॅमट्रॅक, सगळ्यांची कोंडी तिथेच. शेजारी प्रवासी गाड्यांसाठी दोन रुळांचा वेगळा पूल बांधला जातोय. जुना पूल मालगाड्यांना मोकळा मिळेल. यात गुदमरलं कोण?

आता सूचना. दुपारी दोनला राज्याच्या राजधानीत बैठक ठेवली, तर निवृत्त मंडळी आणि रेल्वेवेडेच येणार, हे मान्य (मीही त्यातलाच). पण सूचना फक्त “आमच्याकडे गाडी सुरू करा” एवढ्याच नसतात. मालाने भरलेला डबा आता 2,86,000 पौंडांपर्यंत असतो आणि छोट्या रेल्वे कंपन्यांचे कितीतरी जुने पूल तेवढं वजन पेलत नाहीत. कोणत्या पुलापाशी माल अडतो, हे तिथल्या धान्यवाल्याइतकं नेमकं कोण सांगेल? आणि मेन राज्याचं काय? पोर्टलंड-बोस्टन गाडी 1965 मध्ये बंद पडली होती. 1989 पासून नागरिकांनी हजारो सह्या गोळा केल्या, 1991 मध्ये त्यातून राज्याचा कायदा झाला आणि डिसेंबर 2001 मध्ये ‘डाउनईस्टर’ धावली. पुढे 2012 मध्ये ती ब्रन्सविकपर्यंत गेली. कायद्यानंतर दहा वर्षं लागली, हे लपवत नाही.

राहिला ‘फार्स’, म्हणजे आराखडा नुसता कागद असल्याचा आरोप. 2008 च्याच कायद्याने प्रवासी रेल्वेच्या केंद्रीय भांडवली अनुदानासाठी प्रकल्प राज्याच्या आराखड्यात असण्याची अट घातली. कागद नाही, तर अर्जच नाही. अर्थात कागदाने राजकारण थांबत नाही. विस्कॉन्सिनला मिल्वॉकी-मॅडिसन मार्गासाठी सुमारे 81 कोटी डॉलर मंजूर झाले होते. 2010 च्या निवडणुकीनंतर होऊ घातलेल्या गव्हर्नरांनी नको म्हटलं आणि तो पैसा इतर राज्यांकडे वळला.