खाल्ल्या मिठाचा हिशेब : अ‍ॅबरव्हॅनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. ‘छान लेख’ला उत्तर द्यायला काही उरत नाही, तुमच्या प्रतिक्रियेला आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वेल्समधल्या अ‍ॅबरव्हॅन या खाणगावात १९६६ मध्ये कोळसा खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा शाळेवर कोसळला, त्यावरचा माझा लेख एकतर्फी आहे. पावसाने ढिगारा घसरला, त्याला कोण काय करणार? मला भांडवलदारांना झोडपायला निमित्त हवं होतं. ज्या खाणीने गाव वसवलं, पिढ्या पोसल्या, तिच्या खाल्ल्या मिठाला तरी गावाने जागायला हवं होतं. आणि शेवटी, साठ वर्षांपूर्वीची मढी उकरून काय मिळवलंत?

भांडवलदारांचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला खाणीचा मालक कुणी शेठ नव्हता. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९४७ मध्येच झालं होतं. खाण नॅशनल कोल बोर्डाची, म्हणजे सरकारची होती. राष्ट्रीयीकरण झालं त्या दिवशी खाणकामगारांनी आनंद साजरा केला होता, खाण आता आपली झाली म्हणून. तेव्हा झोडपायचंच असेल तर मला माझ्याच आवडत्या कल्पनेला झोडपावं लागतं.

आता पाऊस. पाऊस होता, खरं आहे. पण डोंगरावर पाऊस काही त्याच वर्षी पडला नव्हता. घसरला तो सात नंबरचा ढिगारा १९५८ पासून तिथल्या झऱ्यावर रचला जात होता. झरा गावातल्या पोरासोरांना ठाऊक होता, सरकारी नकाशावर होता. ढिगाऱ्यात नुसते दगडधोंडे असते तर एक वेळ समजू. त्यात कोळसा स्वच्छ केल्यावर उरणारा बारीक गाळही होता. पाणी मुरलं की तो पातळ होतो. त्याआधी तिथले ढिगारे घसरलेही होते. १९६३ मध्ये स्थानिक कौन्सिलच्या इंजिनिअरने शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल बोर्डाला लेखी कळवलं होतं.

त्या सकाळचं मूळ लेखात घाईत लिहिलं होतं, इथे नीट सांगतो. सकाळी वर गेलेल्या कामगारांना ढिगाऱ्याचा माथा दहाएक फूट खचलेला दिसला. क्रेनचे रूळ खड्ड्यात गेले होते. खाली कळवायला फोन नव्हता, तार चोरीला गेली होती. म्हणून एक जण पायी उतरला. वर निरोप आला की आज इथे माल टाकू नका, पुढच्या आठवड्यात नवी जागा ठरवू. तोवर माथा आणखी खचला होता. वर ऊन होतं आणि खाली दरीत दाट धुकं, त्यामुळे वरच्यांना गाव दिसतच नव्हतं. सव्वानऊच्या सुमारास ढिगारा सुटला. पँटग्लास शाळेत मुलं नुकतीच वर्गात बसली होती, दुपारपासून त्यांना सुट्टी लागणार होती. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं.

चौकशी आयोगाने दोष नि:संदिग्धपणे कोल बोर्डावर ठेवला. माणसं दुष्ट नव्हती, अज्ञानी आणि बेफिकीर होती, असा त्यांचा एकूण सूर आहे. तुम्ही म्हणता तसा एकतर्फी मी असेन तर तो आयोगही आहे. बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स मात्र ‘झऱ्याची माहितीच नव्हती’ असं टीव्हीवर सांगून मोकळे झाले होते. खटला कुणावरही झाला नाही.

आता मिठाचं. १८६९ मध्ये खाणीची खोदाई सुरू होण्याआधी तिथे दोनचार घरं होती, हे मी लेखातच लिहिलंय. खाण नसती तर गाव नसतं, मान्य. पण हे मीठ नेमकं कोणी कोणाचं खाल्लं? कोळसा पोहत वर येत नाही. तो याच माणसांच्या आजोबांनी, बापांनी खणला, छातीत धूळ भरून घेत. मजुरी म्हणजे उपकार नव्हे. आणि जागायचंच म्हणाल, तर ही माणसं जरा जास्तच जागली. खबर लागताच खाणीतले लोक वर आले आणि हातांनी चिखल उपसू लागले. ढिगाऱ्यात माणसं कशी शोधायची हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पुढे त्यांतले कित्येक बाप त्याच खाणीत पुन्हा कामाला उतरले. खाण १९८९ पर्यंत चालू होती.

उलट बाजूने काय झालं ते बघा. उरलेले ढिगारे गावावर तसेच उभे होते आणि ते सुरक्षित आहेत असं गावकऱ्यांना सांगितलं जात होतं. ज्यांचं मूल गेलंय त्यांना हे सांगायला केवढं धाडस लागत असेल! शेवटी लोक कार्डिफला सरकारी कार्यालयात गेले आणि तोच काळा गाळ तिथे ओतून आले. (मला या गावाबद्दल लिहावंसं वाटलं ते खरं तर या एका गोष्टीमुळे.) मग ढिगारे हलवायचं ठरलं, पण खर्चातले १,५०,००० पौंड घेतले ते दुर्घटनाग्रस्तांसाठी जगभरातून आलेल्या मदतनिधीतून. म्हणजे मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेल्या पैशातून बोर्डाचा कचरा उचलला गेला. ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, बिनव्याजी. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी मोठी रक्कम दिली, तेव्हा कुठे हिशेब जवळपास बरोबर झाला.

एक तक्रार मात्र तुमची रास्त वाटते : गाव म्हणजे फक्त तो एक दिवस नव्हे. त्या गावात चॅपल होती, गाणं होतं. दुर्घटनेनंतर तिथल्या पुरुषांनी इनिसोवेन नावाचं गायनपथक उभं केलं, ते आजही गातं. त्यावर स्वतंत्र लिहायचा विचार आहे, सवडीने.

राहिली मढी. अ‍ॅबरव्हॅननंतर १९६९ मध्ये ढिगाऱ्यांसाठी कायदा आला, पण वेल्समध्ये बंद खाणींचे असे २,००० हून जास्त ढिगारे अजून उभे आहेत. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउनचा एक ढिगारा घसरून दरीत आला. कुणी दगावलं नाही. त्यानंतर सगळ्या ढिगाऱ्यांची यादी करायला घेतली गेली. तेव्हा ‘साठ वर्षांपूर्वीचं’ हे तुम्ही तिथे उताराखाली राहणाऱ्यांना सांगून बघा.