फटका हाताला कळतो तेव्हा चेंडू सुटलेला असतो. मग फील कशाला हवा?

पूल, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू मारायचा खेळ, खेळणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. तो शास्त्राचा आधार घेऊन येतो, त्यामुळे पटकन पटतो. दावा असा: हाताने, मागणीप्रमाणे घडवलेल्या कस्टम क्यूचा (क्यू म्हणजे फटका मारायची काठी) ‘फील’, म्हणजे हाताला येणारी जाण, हा मनाचा खेळ आहे. टिप (क्यूच्या टोकावरची चामड्याची चकती) आणि चेंडू एकमेकांना जेमतेम एक सहस्रांश सेकंद टेकतात, आणि हाताला काही जाणवायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. जॉइंट (क्यूचे दोन भाग जोडणारा सांधा) कुठला, बटचं (मागच्या जाड भागाचं) लाकूड कुठलं, याने चेंडूची वाट बदलत नाही. ‘हाताने घडवलेली’ म्हणतात ती क्यूसुद्धा यंत्रावरच उतरते. शिवाय कार्बन फायबरचे शाफ्ट (शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग) आल्यापासून लाकडाचा प्रश्नच मिटला. तेव्हा जास्तीचे पैसे फक्त नक्षीचे.

यातली काही विधानं खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो ऐकून नवे खेळाडू चांगली क्यू हातात धरून पाहायचंसुद्धा टाळतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा वेळेचा. चामड्याची टिप चेंडूला साधारण एक ते दोन सहस्रांश सेकंद टेकते, हे बरोबर आहे. मेपलमधून कंपन सेकंदाला सुमारे ४००० मीटर वेगाने जातं, म्हणजे ते मागच्या हातापर्यंत लगेच पोचतं. पण हातातून मेंदूपर्यंत आणि मेंदूतून परत स्नायूंपर्यंत निरोप जायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चालू फटक्यात कुणीच काही दुरुस्त करू शकत नाही. एवढं मान्य.

पण फील त्या फटक्यासाठी नसतोच, तो पुढच्या फटक्यासाठी असतो. पांढरा चेंडू, म्हणजे क्यूने ज्याला मारतो तो, अपेक्षेपेक्षा वीतभर पुढे गेला, तर कारणं अनेक असू शकतात: जोर जास्त झाला, टिप ठरवल्यापेक्षा वर लागली, टिपला लावलेला खडू नीट बसला नव्हता किंवा कापड वेगवान होतं. डोळ्यांना फक्त परिणाम दिसतो. कारणाचा माग हातातून आणि कानातून लागतो. चेंडूच्या मधोमध बसलेला फटका एका आवाजाचा, एका ठोक्याचा असतो. कडेकडे सरकलेला फटका वेगळा थरथरतो. मिसक्यूच्या, म्हणजे टिप चेंडूवरून घसरण्याच्या, अगदी जवळ गेलेला फटका तर चेंडू नीट गेला तरी हाताला खरवडल्यासारखा लागतो. टिप चेंडूच्या केंद्रापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापलीकडे गेली की ती घसरते. त्या सीमेच्या आपण किती जवळ खेळतो आहोत, हे सरावात क्यूच सांगते. हा निरोप प्रत्येक वेळी सारखा आला तरच तो शिकता येतो. ज्या क्यूमध्ये वजनासाठी बटमध्ये घातलेला बोल्ट किंचित सैल आहे, फेरूलखाली (टिपच्या मागच्या कड्याखाली) पोकळी राहिली आहे किंवा बटच्या आतल्या जोडावरचा गोंद सुटलेला आहे, ती प्रत्येक फटक्याला आपली एक गुणगुण जोडते. तिच्यात चांगला आणि वाईट फटका वेगळा काढणं अवघड होतं. नेटका कारागीर सर्वांत जास्त जपतो ते हेच: आत कुठेही सुटं काही राहू न देणं.

शिवाय फील म्हणजे फक्त ठोका नव्हे. फटक्याआधी आपण क्यू चार-पाच वेळा मागेपुढे नेतो, आणि तेव्हा तिचा तोल, घेर, लांबी हे सगळं हातात असतं. तिथे सहस्रांश सेकंदाचा हिशोब लागूच होत नाही.

बहुतेक तयार क्यू ५८ इंचांच्या, म्हणजे १४७ सेंटिमीटरच्या, आणि १८ ते २१ औंसांच्या असतात. लांब हातांचा खेळाडू पूर्ण वाकला की त्याचा मागचा हात बटच्या शेवटावर येतो. मग तो नकळत पकड पुढे घेतो, चेंडूला टिप लागते तेव्हा कोपराखालचा हात उभा राहत नाही, आणि टिपची वाट वरखाली होते. कारागीर त्याला ५९ किंवा ६० इंचांची क्यू करून देतो आणि त्या लांबीप्रमाणे तोलही बसवतो. तोलाचं गणित तर घरीही करून पाहता येईल. १९ औंसांची क्यू शेवटापासून १९ इंचांवर तोलते असं धरा. तिच्यात शेवटापासून २ इंचांवर एक औंसाचा बोल्ट घातला, तर तोल जवळजवळ पाऊण-एक इंच मागे सरकतो. वजन हवं ते मिळालं, पण क्यूचं नाक हलकं झालं. कारागीर तेच वजन लाकडाच्या निवडीतून आणतो: पुढच्या भागात एबनी किंवा कोकोबोलोसारखं जड लाकूड घेतो किंवा बट आतून कोरून मेपलचा गाभा भरतो. म्हणूनच सारख्या वजनाच्या दोन क्यू हातात इतक्या वेगळ्या वाटतात.

दुसरा मुद्दा जॉइंटचा आणि बटच्या लाकडाचा. इथे दावा करणाऱ्यांची बाजू बळकट आहे. साइड स्पिन, म्हणजे बाजूची फिरकी, देताना पांढरा चेंडू नेमाच्या रेषेतून थोडा बाजूला ढकलला जातो. ते प्रमाण शाफ्टच्या टोकाकडच्या सहा-आठ इंचांत किती वस्तुमान आहे यावर ठरतं. जॉइंट आणि बट तिथून फार लांब असतात. शाफ्ट आणि टिप तीच ठेवून फक्त जॉइंट बदलला, तर खेळात फरक दाखवणं कठीण आहे. स्टीलच्या जॉइंटने आवाज बदलतो, थोडं वजन पुढे सरकतं, बस्स. कुणी ‘या लाकडाच्या बटने जास्त स्पिन मिळतो’ म्हणून क्यू विकत असेल, तर ऐकू नका. पण शाफ्ट आणि फेरूल कस्टम क्यूचेच भाग आहेत. १३ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचं टोक घेतलं, तर त्याच लाकडाचं तेवढ्याच लांबीचं वस्तुमान सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. फेरूल आखूड आणि हलकं करता येतं. टेपर, म्हणजे शाफ्टचा निमुळतेपणा, किती लांब ठेवायचा हेही सांगता येतं. चेंडूची वाट जिथे ठरते, नेमकं तिथे कारागिराचं काम चालतं.

‘सगळं यंत्रावरच होतं’ हे खरंच आहे, आणि कुठलाही प्रामाणिक कारागीर ते लपवत नाही. क्यू लेथवरच उतरते. जॉर्ज बालाबुष्का हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी १९५९मध्ये क्यू करायला सुरुवात केली आणि अनेक क्यूंसाठी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे आधीच सांधलेले तुकडे वापरले. पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडूनही असे तुकडे घेतले. त्यांचं स्वतःचं काम होतं शाफ्ट, जॉइंट, जोडणी आणि शेवटचा हात. १९७५मध्ये ते गेले, तरी त्या क्यू आजही शोधल्या जातात. हाताने घडवणं म्हणजे यंत्र नाकारणं नाही. कुठला तुकडा नाकारायचा आणि कुठे थांबायचं, हे माणसाने ठरवणं म्हणजे हाताने घडवणं. मेपलच्या चौकोनी पट्टीतून शाफ्ट एका दमात उतरवला, तर लाकडातला ताण मोकळा होऊन तो वाकतो. म्हणून थोडा उतरवायचा, आठवडे-महिने टांगून ठेवायचा, वाकला तर बाजूला टाकायचा, नाही तर पुन्हा थोडा उतरवायचा. लाकडातली रेषा तिरकी निघून जाते आहे का हे डोळ्याने पाहायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा. चांगले कारखानेही लाकूड मुरवतात, त्यांचा मला आदर आहे. पण संशयास्पद तुकडा टाकून द्यायची मोकळीक वर्षाला मोजक्याच क्यू करणाऱ्याला जास्त असते.

कार्बन शाफ्ट सरळ राहतात, हवेच्या दमटपणाने वाकत नाहीत, आणि हलक्या टोकामुळे चेंडू कमी ढकलतात. हे गुण खरे आहेत. पण कमी ढकलणं म्हणजे आपोआप अचूक असणं नव्हे. ज्याने वर्षानुवर्षं लाकडी शाफ्टचं ढकलणं गृहीत धरून नेम घेतला आहे, त्याचे बाजूच्या फटक्यांचे सगळे अंदाज नव्या शाफ्टवर चुकू लागतात. काहींना हा बदल फळतो, काहींना नाही. आणि कार्बन शाफ्ट कस्टम बटवर बसवणारे खेळाडूही भरपूर आहेत, त्यामुळे यात एकाने दुसऱ्याला संपवण्याचा प्रश्नच येत नाही.

राहिली किंमत. नक्षीने, शिंपल्याच्या जडावाने, पॉइंट्सभोवतीच्या (बटमध्ये सांधलेल्या टोकदार तुकड्यांभोवतीच्या) रंगीत पट्ट्यांनी फटका सुधारत नाही. एखाद्याला ते सौंदर्य आवडत असेल तर त्याने आनंदाने पैसे द्यावेत, ती कलाच आहे. पण खेळण्यासाठी क्यू करून घेत असाल, तर कारागिराला सांगा की जडाव नको, साधी क्यू हवी. जडावाचे वाचलेले पैसे दुसऱ्या शाफ्टवर घाला. तो पहिल्याच्याच वजनाचा हवा, दोन-तीन ग्रॅमच्या फरकात, आणि टेपर तोच. मेपलचे शाफ्ट साधारण १०० ते १२० ग्रॅमचे भरतात. एक वरच्या टोकाचा आणि एक खालच्या टोकाचा मिळाला, तर हातात दोन वेगळ्या क्यू येतात. एका शाफ्टची टिप बदलायला गेली की दुसऱ्यावर त्याच अंदाजाने खेळता आलं पाहिजे.