आखूड हातवाले जास्त उरतात

वाद सुहासनेच उकरून काढला. "डार्क मॅटर, म्हणजे विश्वातलं ते न दिसणारं द्रव्य, दिसत नाही, सापडत नाही. मग ते तयार कसं झालं यावर एवढे कागद काळे करायचे कशाला?"

"दिसत नाही, पण ओढतंय ना," नंदू म्हणाला. "१९३३ मध्ये झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले. नुसत्या दिसणाऱ्या वस्तुमानावर तो समूह टिकायलाच नको होता. आज साध्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त न दिसणारं निघतंय. शंभरपट का नाही, हजारपट का नाही? हा आकडा जन्माच्या वेळीच ठरलेला असणार."

त्याचं लाडकं उत्तर तयारच होतं. विश्वाच्या सुरुवातीच्या धगीत डार्क मॅटरचे कण जोडीने जन्मत आणि एकमेकांना भिडून नष्ट होत. विश्व निवलं तसा जन्म थांबला, नष्ट होणं चालू राहिलं.

"मग सगळेच संपायला हवे होते," सुहास.

इथे जुई पुढे सरकली. "मैदानात डोळे बांधलेली माणसं सोड. ज्यांचे हात एकमेकांना लागले ती दोघं बाद. पण मैदान सारखं पसरतंय. शेवटी काही जण असे उरतात, की चाचपडूनही कोणी हाताला लागत नाही."

"हात लांब असतील तर?" मी.

"तर जास्त बाद, कमी शिल्लक. आखूड हातवाले जास्त उरतात."

सुहास दोन मिनिटं गप्प. हे त्याला उलटंच वाटत होतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही.

"आणि गंमत म्हणजे," नंदू खुलला, "हाताची लांबी, म्हणजे कणांची एकमेकांना भिडण्याची ताकद, क्षीण बलाच्या, म्हणजे निसर्गातल्या एका मूलभूत बलाच्या मापाची धरली, की शिल्लक जवळपास बरोबर येते. अशा कणाला विम्प म्हणतात, आणि या जुळण्याला विम्प चमत्कार."

"चमत्कार म्हटलं की मी पाकीट चाचपतो."

सुहासचं हे मला पटतं. एक आकडा जुळला म्हणून लोक त्या कणाच्या प्रेमात पडले. साउथ डाकोटात जमिनीखाली दीड किलोमीटरवर सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन एलझेड नावाचा प्रयोग असे कण टिपायला बसलाय, तरी विम्प काही हाती लागलेला नाही.

"मैदान सुरुवातीला रिकामंच असेल तर?" जुई म्हणाली. "म्हणजे धगीतल्या इतर कणांतून डार्क मॅटर अगदी क्वचितच जन्मत असेल तर? दाराला बारीकशी फट. एखाददुसरा आत येतो, पुढे फटही बुजते. आलेले इतके विरळ, की बाद कोणी होतच नाही. इथे हिशेब उलटा: फट मोठी तर कण जास्त."

"आणि फट एवढी बारीक, की तुमच्या टाकीत तो कण कधी दिसणारच नाही! सोयीस्कर आहे."

"कण नसेल दिसत, त्याचा बाप, म्हणजे ज्या कणातून तो जन्मतो तो, दिसेल. काही मॉडेलांत तो रेंगाळत मरतो. एलएचसीत, त्या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात, टकरीच्या जागेपासून लांब फुटणारे कण शोधतात ते त्यासाठीच."

मी अ‍ॅक्सियॉनचा, डार्क मॅटरच्या आणखी एका उमेदवार कणाचा, विषय काढून बघितला. तो तर त्या धगीतून जन्मलेलाच नाही. अडकून पडलेलं एक क्षेत्र विश्व पुरेसं मंदावल्यावर हेलकावू लागलं, ते हेलकावेच डार्क मॅटर. पण विल्चेक या भौतिकशास्त्रज्ञाने हे नाव कपडे धुण्याच्या साबणावरून उचललं असं मी बोलून गेलो आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली.

सगळे उठले. सुहास बसूनच होता.

"जुई, ते आखूड हाताचं परत सांग."