पेटीवर ‘देवगड’ छापलंय, म्हणून?

‘खरा मेल आणि खरा कॉल ओळखायच्या पाच खुणा’ असं एक फॉरवर्ड आठवडाभर आमच्या वाडीच्या ग्रुपवर फिरतंय. गावच्या ग्रुपवरून मुंबईच्या चाकरमान्यांकडे गेलं, तिथून परत गावात आलं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मी देवगडात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, रोज दोन-तीन जण मोबाइल पुढे करून ‘ह्यो मेल खरो काय रे?’ विचारतात. माझा अनुभव असा, की त्या पाचही खुणा खोट्या मेलवरच जास्त ठसठशीत असतात.

पहिली खूण : ‘खऱ्या मेलची भाषा शुद्ध असते, चुका दिसल्या की खोटा समजा.’ दहा वर्षांपूर्वी हे थोडंफार चालायचं. आता एआयला सांगितलं की सेकंदात स्वच्छ, सौजन्यपूर्ण मराठी मिळतं, आणि ते भामट्यांनाही मिळतं. उलट माझ्या स्वतःच्या बँकेचा खराखुरा मेल ‘आपले विधान तयार केले गेले आहे’ असं कळवतो. विधान म्हणजे स्टेटमेंट, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. या खुणेनं चाललं तर खरा मेल कचऱ्यात जाणार आणि खोटा जपून ठेवला जाणार.

दुसरी : ‘खरी संस्था नावानं हाक मारते, भामटे प्रिय ग्राहक म्हणतात.’ आपलं नाव, मोबाइल नंबर, आधारची झेरॉक्स आपण किती ठिकाणी देऊन बसलोय ते आठवा. लॉजच्या रजिस्टरपासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत. नाव माहीत असणं ही आता ओळख राहिलेली नाही.

तिसरी, कुलपाची. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की सुरक्षित म्हणे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही टाइप केलेलं वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं आणि काही मिनिटांत मिळतं. लोक याचा भलता अर्थ लावतात म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं. फॉरवर्ड मात्र अजून कुलूपच शोधायला सांगतंय.

चौथीवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. ‘पाठवणाऱ्याचं नाव आणि लोगो बघा.’ अहो, हे आपण कोकणातल्या माणसांनी म्हणावं? परराज्यातला आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत घालून विकतात, म्हणून दर एप्रिलमध्ये आपणच ओरडत असतो ना? मेलवर दिसणारं नाव म्हणजे पेटीवरचा छाप. तिथे काय छापायचं ते पाठवणारा ठरवतो. नावावर बोट ठेवलं की खालचा पत्ता उघडतो, तो वाचा.

तो वाचायचा कसा? आपण मुक्काम पोस्ट अमुक, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग असं लिहितो. मेलचा नि वेबसाइटचा पत्ताही तसाच, लहानाकडून मोठ्याकडे जातो. खरी ओळख शेवटी असते. ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ यात शेवटी गूगल डॉट कॉम आहे, म्हणजे घर गूगलचं. पण ‘गूगल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन’ असेल तर घर अमुकतमुकचं, गूगल हे नुसतं वाडीला दिलेलं नाव. वेबसाइटच्या पत्त्यात सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिच्या डावीकडचं उलट वाचत जायचं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपल्या वेबसाइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं ते याचसाठी, तसं नाव फक्त बँकांनाच मिळतं. तेही शेवटीच असायला हवं, मध्ये घुसडलेलं चालणार नाही. आणि मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट घालता येतो, त्यामुळे पत्ता बरोबर दिसला तरी लिंक दाबायची घाई नकोच.

पाचवी खूण फोनची : ‘ट्रूकॉलरवर नाव दिसलं आणि समोरच्यानं आधी एक रुपया पाठवून दाखवला, तर तो खरा.’ ही वाचून मला घामच फुटला. तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांना आणि पेट्या ऑनलाइन विकणाऱ्या बागायतदारांना नेमकं असंच गंडवतात. समोरचा स्वतःला फौजी म्हणवतो, पाच खोल्या हव्यात किंवा वीस पेट्या, घासाघीस अजिबात नाही. (घासाघीस न करणारं गिऱ्हाईक, इथेच खरं तर शंका यायला हवी.) एक रुपया येतो, तो खराच असतो. मग ‘अ‍ॅडव्हान्ससाठी’ क्यूआर कोड येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. दुसरा प्रकार : ‘२०,००० जमा’ असा एसएमएस येतो आणि लगेच फोन, ‘चुकून जास्त गेले हो, १८,००० परत करा.’ तो एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो. बँकेचा मेसेज असा येत नाही. जमा झाले की नाही ते आपल्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघून ठरवायचं. ट्रूकॉलरवरचं नाव तर बऱ्याचदा लोकांनीच आपापल्या फोनात सेव्ह केलेलं असतं.

फॉरवर्डच्या शेवटी ‘पैसे गेले की विसरा, तक्रारीचा उपयोग नाही’ असंही आहे. हे सर्वांत घातक. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. उशीर झाला की ते आणखी चार खात्यांत फिरून काढलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक तुमचीही नाही नि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून घाई तुमच्याच फायद्याची.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? परवा शेजारच्या काकी आल्या. त्यांना दोन मेल आलेले. एक झकास मराठीत, नावानिशी, ‘आपले पेन्शन खाते आज रात्री बंद होईल’, खाली निळं बटण. दुसरा रुक्ष इंग्रजीत : तुमच्या गूगल खात्यात नवीन विंडोज कॉम्प्युटरवरून प्रवेश झालाय. फॉरवर्डच्या हिशेबानं पहिला खरा, दुसरा खोटा. काकींनी तसंच धरलेलं.

दोन्हींतलं काहीच न दाबता आम्ही आपल्या वाटेनं गेलो. पेन्शनसाठी पासबुकावरच्या नंबरवर फोन केला, खातं व्यवस्थित चालू होतं. गूगलसाठी त्यांच्या फोनच्या सेटिंग्जमधून खातं उघडलं आणि ‘सुरक्षा’मध्ये कुठली कुठली डिव्हाइस जोडलीत ते पाहिलं. तिथे तो विंडोज कॉम्प्युटर खरोखरच होता. आदल्या दिवशी दुपारची वेळ, ठिकाण देवगड. काकींचा फॉर्म भरून झाल्यावर मी लॉगआउट करायला विसरलो होतो.

‘म्हणजे चोर तूच मरे!’ काकी म्हणाल्या.